जीवन-मार्गदर्शक : गरज आणि निवड

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात रिठद येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)





संस्थेच्या चिटणीसांनी मला बोलावले तेव्हा विषय माझ्यावर सोडला नाही, हे बरे झाले. ते म्हणाले, "मुलांच्या मोबाइलवर हल्ली लाइफ कोच नावाची माणसे दिसतात. कोणी तीन महिन्यांत आयुष्य बदलून देतो म्हणतो, कोणी पहिली भेट मोफत म्हणतो. पालक आम्हांला विचारतात की हे काय प्रकरण आहे, पैसे भरावेत की नाही. तेवढे सांगा." ह्याचे उत्तर एका ओळीत देता आले असते तर मी पोस्टकार्ड पाठवले असते. तसे ते देता येत नाही, म्हणून आपला थोडा वेळ घेणार आहे.

कोच हा शब्द आपल्याला रेल्वेच्या डब्यामुळे ठाऊक आहे आणि खेळाच्या मैदानामुळेही. दोन्हींचे मूळ एकच आहे. हंगेरी देशातल्या कोच नावाच्या गावी पंधराव्या शतकात चांगल्या घोडागाड्या बनत. गावाचे नाव गाडीला पडले. पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डचे विद्यार्थी परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या खाजगी शिक्षकाला थट्टेने कोच म्हणू लागले, कारण तो विद्यार्थ्याला जणू गाडीत घालून परीक्षेच्या पलीकडे नेऊन सोडी. तेथून हा शब्द खेळात गेला. १९७४ साली टिमथी गॅलवे ह्या अमेरिकन टेनिस शिक्षकाने एक पुस्तक लिहून असे मांडले की खेळाडूचा मोठा प्रतिस्पर्धी जाळीपलीकडे नसून त्याच्या स्वतःच्या डोक्यात असतो. शिक्षकाने सूचनांचा भडिमार करण्यापेक्षा तो अडथळा दूर करावा. हीच दृष्टी पुढे धंदा, नोकरी, घर ह्यांना लावली गेली आणि अमेरिकेत १९९० नंतर लाइफ कोच हा एक व्यवसायच उभा राहिला. १९९५ मध्ये त्यांची संघटनाही स्थापन झाली.

ह्यात गंमत अशी की नाव गाडीचे असले तरी ह्या गाडीत बसायला मिळत नाही. चालायचे आपणच. म्हणून मला ह्या माणसासाठी मराठीतला "वाटाड्या" हा जुना शब्द अधिक आवडतो. वाटाड्या पाठीवर घेत नाही, तो फक्त बरोबर चालतो.

चांगला कोच प्रत्यक्षात काय करतो, ते आधी सांगतो. तो आठवड्याने किंवा पंधरवड्याने तासभर बसतो. तुम्हांला काय करायचे आहे हे विचारतो आणि पहिल्या उत्तरावर समाधान मानत नाही. "मला मोठे व्हायचे आहे" असे मुलगा म्हणाला तर तो विचारतो, मोठे म्हणजे काय? पगार? मान? घरापासून दूर जाणे? मग ते ध्येय इतके लहान करून घेतो की ते येत्या सोमवारी सकाळी सुरू करता येईल. पुढच्या भेटीत त्याचा पहिला प्रश्न, "ठरवले होते ते झाले का?" झाले नसेल तर तो रागावत नाही, पण सोडतही नाही. का झाले नाही, ह्याचा शोध दोघे मिळून घेतात. एवढेच ते काम आहे. ऐकायला साधे वाटते, पण आपल्यापैकी किती जणांना आयुष्यात असा एक तास मिळाला आहे की ज्यात समोरच्याने आपले म्हणणे मध्ये न तोडता ऐकले?

आता कोणी म्हणेल, आमच्याकडे मशवरा देणाऱ्यांची कमी नाही. खरे आहे. मुलगा दहावीला बसला की चाचा सांगतात गॅरेजमध्ये लाव, मामू सांगतात पुण्याला पाठव, शेजारी सांगतो डी.एड. करून काय मिळाले अमक्याला. प्रत्येक मुलाला सल्लागार आहेतच आणि ते फुकट आहेत. प्रश्न एवढाच की त्यांतला कोणता खरा, आणि हे ओळखण्याचे डोळे आपल्याला आहेत की नाहीत. पुण्यातल्या एका घराची हकीकत ह्या बाबतीत फार बोलकी आहे.

गोविंदराव फुले हे फुले-भाजीचा व्यवसाय करणारे गृहस्थ. त्यांनी आपला मुलगा जोतीराव, जन्म १८२७, ह्याला मराठी शाळेत घातले. त्यांच्या दुकानात एक कारकून होता. त्याने मालकाला सल्ला दिला की शिकून मुलगा शेताच्या कामातून जाईल, त्याला काढा. गोविंदरावांना ते पटले. मुलाची शाळा सुटली, हातात खुरपे आले, १८४० साली लग्नही झाले. पण मुलाचे वाचन सुटले नव्हते. ते शेजारच्या दोन माणसांच्या नजरेस आले. एक होते गफ्फार बेग मुन्शी, उर्दू-फारशीचे शिक्षक, आणि दुसरे लिजिट नावाचे ख्रिस्ती गृहस्थ. ह्या दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली. १८४१ मध्ये चौदा वर्षांचा, लग्न झालेला जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा जाऊ लागला. १८४७ मध्ये त्याचे शालेय शिक्षण पुरे झाले आणि १८४८ मध्ये त्याने मुलींची शाळा काढली. पुढचा इतिहास आपणांस माहीत आहे.

पालक बंधूंनो, ह्या हकीकतीत दोन सल्लागार आहेत, हे लक्षात घ्या. कारकूनही गोविंदरावांच्या भल्याचेच बोलत होता असे त्यांना वाटले असणार. तो रोजचा माणूस होता, हिशेब जाणणारा होता. मुन्शी हा शेजारी. पण कारकुनाने मुलाला पाहिलेच नव्हते. त्याने मुलाची जात पाहिली, बापाचा धंदा पाहिला आणि त्यावरून निकाल दिला. मुन्शींनी मुलाला वाचताना पाहिले होते. माझ्या मते सल्लागार पारखण्याची पहिली कसोटी हीच आहे. तो तुमच्या मुलाविषयी बोलतो आहे, की तुमच्यासारख्यांच्या मुलांविषयी?

आणि हे जुने झाले असे कोणी म्हणू नये. जालना जिल्ह्यातल्या रिक्षाचालकाचे चिरंजीव अन्सार शेख २०१५ च्या नागरी सेवा परीक्षेत वयाच्या एकविसाव्या वर्षी ३६१ वा क्रमांक मिळवून उत्तीर्ण झाले. लहानपणी नातेवाइकांच्या सांगण्यावरून वडील त्यांना शाळेतून काढायला निघाले होते आणि शिक्षकाने वडिलांना परत फिरवले, हे त्यांनी स्वतः सांगितलेले आहे. पावणेदोनशे वर्षांनी तोच कारकून आणि तोच मुन्शी! फक्त नावे बदलली.

दुसरी हकीकत मुंबईची. चर्नी रोडच्या बागेत शाळा सुटल्यावर एक मुलगा वाचत बसे. तेथे येणाऱ्या कृष्णाजी अर्जुन केळुसकर ह्या शिक्षक-लेखकाने त्याची चौकशी केली, त्याला पुस्तके देऊ लागले. १९०७ साली तो मुलगा, म्हणजे भीमराव आंबेडकर, मॅट्रिक झाला. त्याच्या सत्काराच्या सभेत केळुसकरांनी त्याला आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पण मला त्याच्या पुढची गोष्ट अधिक मोलाची वाटते. वडिलांना कॉलेजचा खर्च झेपेना, तेव्हा केळुसकरांनी ह्या तरुणाला सयाजीराव गायकवाड महाराजांकडे नेले आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. १९१३ मध्ये त्याच दरबारच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. आपली मदत कोठे संपते आणि कोणाचे दार ठोठवायला हवे, हे केळुसकरांना कळत होते. "सगळे माझ्याकडेच मिळेल" असे म्हणणाऱ्या मार्गदर्शकापासून चार हात दूर राहावे, ते ह्यासाठी.

आता पैशाचा प्रश्न. मुन्शींनी आणि केळुसकरांनी फी घेतली नव्हती. मग आज पैसे देऊन माणूस का ठेवायचा?

एक तर असे शेजारी सर्वांच्या वाट्याला येत नाहीत. वाशिम हा २०१८ साली केंद्र सरकारने ठरवलेल्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक. सोयाबीन-तुरीवर चालणाऱ्या घरात पहिल्यांदा कोणी बारावी होते, तेव्हा पुढची वाट चालून आलेले माणूस त्या घरात नसते, अनेकदा गल्लीतही नसते. अब्बा जीव टाकतील, पण पॉलिटेक्निक आणि आय.टी.आय. ह्यांतला फरक त्यांनी कोणाला विचारावा? दुसरे म्हणजे, जवळच्या माणसाला आपल्या निर्णयात स्वार्थ असतो. त्याला मी वाईट म्हणत नाही. मुलगा दूर गेला तर दुकान कोण पाहील, ही बापाची खरी काळजी आहे. परका माणूस त्या काळजीतून मोकळा असतो, म्हणून मुलगा त्याच्याशी मोकळे बोलतो. शिवाय फी दिली की वेळ पाळली जाते, दोन्ही बाजूंनी. हा अनुभव केवळ विद्यार्थ्यांचा नाही. दुकान वाढवावे की नाही ह्या पेचात पडलेला व्यापारी किंवा मुले मोठी झाल्यावर पुन्हा शिकू पाहणारी गृहिणी, ह्यांनाही अशा तासाचा उपयोग होतो. मी तर म्हणेन की ठरलेल्या वेळी येऊन बसणे, ह्या एका गोष्टीनेच निम्मा फायदा होतो.

तरीही कर्ज काढून किंवा दागिना गहाण ठेवून लाइफ कोच लावू नये, हे मी स्पष्ट सांगतो. डॉ. अब्दुल कलाम मद्रासच्या तंत्रशिक्षण संस्थेत निवडले गेले तेव्हा बहीण जोहरा हिने बांगड्या आणि साखळी गहाण ठेवली, हे खरे. पण ते प्रवेशाच्या फीसाठी होते, सल्ल्यासाठी नव्हे. सल्ला त्यांना घरातच मिळाला होता. मेव्हणे जलालुद्दीन फारसे शिकलेले नव्हते, पण बेटावरच्या गरजू लोकांची इंग्रजी पत्रे लिहून देत आणि लहान अब्दुलशी बाहेरच्या जगाबद्दल बोलत.

पैसे द्यायचे ठरलेच तर डोळे उघडे ठेवून द्यावेत. एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर असतो, त्याची वैद्यक परिषदेकडे नोंदणी लागते. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. लाइफ कोच म्हणवून घ्यायला मात्र आपल्या देशात कोणताही परवाना लागत नाही. उद्या सकाळी मी पाटी लावली तर मला कोणी अडवणार नाही. मघाशी सांगितलेली संघटना, इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन, आपल्या पहिल्या पायरीच्या दाखल्यासाठी किमान ६० तासांचे शिक्षण आणि १०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव मागते, आणि सर्वांत वरच्या पायरीसाठी २०० तासांचे शिक्षण व २,५०० तासांचा अनुभव. हा दाखला म्हणजे सरकारी परवाना नव्हे, आणि दाखला नसलेला माणूस वाईटच असेही नाही. पण भिंतीवर चौकट दिसली की ती कोणाची, किती दिवसांच्या शिबिराची, हे विचारायला लाजू नये. शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत मिळालेले प्रमाणपत्र मोठ्या चौकटीत लावले तरी ते दोन दिवसांचेच.

पहिल्या भेटीत त्याला बोलू द्या आणि घड्याळ पाहा. तासातली पाऊण वेळ तोच बोलला, तर तो वक्ता आहे, मार्गदर्शक नाही. त्याला विचारा, "कोणते काम तुम्ही करत नाही?" चांगला माणूस ताबडतोब सांगेल की मी औषधोपचार करत नाही, नोकरी लावून देत नाही, परीक्षेत क्रमांकाची हमी देत नाही. जो कशालाच नाही म्हणत नाही त्याच्याकडून उठून यावे. किती भेटी, किती फी, मध्येच थांबलो तर किती परत, हे कागदावर घ्यावे. पावती घ्यावी. वर्षाची फी एकदम भरू नये. चार भेटींची भरावी आणि मग घरी बसून विचार करावा की मुलात काय फरक पडला. आणि फरक म्हणजे तो घरात मोठमोठी वाक्ये बोलू लागला हा नव्हे. तो ठरल्या वेळी उठतो का? अर्धवट राहिलेला अर्ज त्याने भरला का?

येथे पालकांना एक कडू गोष्ट सांगावी लागते. फी तुम्ही भराल, पण मुलगा त्या खोलीत काय बोलला हे विचारण्याचा हक्क त्या फीबरोबर मिळत नाही. मार्गदर्शकाने ते गुपित ठेवलेच पाहिजे. जिवाला धोका असेल तेवढाच अपवाद. जो मार्गदर्शक संध्याकाळी फोन करून मुलाचे सगळे बोलणे बापाला सांगतो, तो बापाला फार आवडतो आणि मुलाच्या काहीच उपयोगाचा राहत नाही.

मुलींच्या बाबतीत भेट उघड्या जागी, घरच्यांच्या माहितीने आणि शक्यतो स्त्री मार्गदर्शकाबरोबर व्हावी, हे रास्त आहे. पण "तशी बाई मिळत नाही" हे कारण सांगून मुलीला मार्गदर्शनच नको, असे करू नये. शाळेतल्या बाई आहेत, दवाखान्यातल्या परिचारिका आहेत, अंगणवाडी सेविका आहेत. त्यांच्यापैकी कोणाला तरी आठवड्यातून एक तास द्यायची विनंती करता येते.

आणखी एक धोका आहे, तो तरुणांनी नीट ऐकावा. मंगल कार्यालयात मोठी सभा भरते, संगीत वाजते, कोट घातलेला माणूस गरिबीतून वर कसा आलो ते सांगतो, सगळे उभे राहून घोषणा देतात. दोन तासांनी कळते की ह्या मार्गदर्शनाची पुढची पायरी पैसे भरून सभासद होणे आणि त्यापुढची पायरी आणखी दोघांना सभासद करणे ही आहे. अशा पैसाफिरवणुकीच्या साखळी योजनांवर १९७८ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. पहिल्या दिवशी तुम्ही ज्याला सभासद कराल तो तुमचा मावसभाऊ असेल. पैसे जातात ते जातातच, शिवाय नातेही जाते. मार्गदर्शन करणारा तुमच्याकडून माणसे आणायला सांगू लागला की ते मार्गदर्शन तेथेच संपले असे समजावे.

शिकवणी वर्गांबद्दलही थोडे सांगतो, कारण हल्ली तेही "मेंटॉर" आणि "कोच" पुरवतो म्हणतात. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये राज्यांना पाठवलेल्या मार्गदर्शक सूचनांत सोळा वर्षांखालील मुलांना शिकवणी केंद्रात प्रवेश देऊ नये, क्रमांकाची हमी देऊ नये आणि मध्येच सोडणाऱ्याची उरलेली फी परत करावी असे म्हटले आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने शिकवणी वर्गांच्या फसव्या जाहिरातींविरुद्ध नियम केले. उत्तीर्ण विद्यार्थ्याचा फोटो त्याच्या लेखी संमतीशिवाय छापता येत नाही. कोणत्याही सशुल्क सेवेत फसवणूक झाली तर १९१५ ह्या ग्राहक मदत क्रमांकावर सांगता येते आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. तेथे जाताना पावती लागते, म्हणून मघाशी पावतीचा आग्रह धरला.

आणि मूल झोपत नसेल, जेवत नसेल, "जगून काय करू" असे बोलत असेल, तर ते काम लाइफ कोचचे नव्हेच. त्याला डॉक्टरकडे न्यावे. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून रात्रंदिवस चालू आहे, त्यावर मराठीत बोलता येते, पैसे लागत नाहीत. डॉक्टरने दिलेली गोळी बंद करायला सांगणारा कोच भेटला, तर त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.

फुकट मिळणारी चांगली मदत आपण वापरत नाही, ह्याचे मला वाईट वाटते. दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियाची निवासी अकादमी प्रवेश परीक्षा घेऊन अल्पसंख्याक, अनुसूचित जाती-जमाती आणि महिला उमेदवारांना नागरी सेवा परीक्षेची शिकवणी विनाशुल्क देते; २०२१ च्या परीक्षेत देशात पहिली आलेली श्रुती शर्मा ही तेथीलच. पण तेवढ्या लांब कशाला? ह्याच शाळेतून शिकून बाहेर पडलेले आज कोणी शिक्षक असतील, कोणी तलाठी, कोणी वाशिमला औषधांचे दुकान चालवत असतील. संस्थेने त्यांची एक वही करावी. प्रत्येकाने एका मुलाला किंवा मुलीला वर्षभर महिन्यातून एक तास द्यावा आणि पुढच्या महिन्यात "ठरवले होते ते झाले का?" एवढे विचारावे. ह्याला प्रशिक्षणाची फार गरज नाही, फक्त नेमाने येण्याची गरज आहे, आणि तेच कठीण आहे. ज्यांना नेमाने जमणार नाही त्यांनी वहीत नाव घालू नये. दोनदा येऊन तिसऱ्यांदा न येणारा मार्गदर्शक मुलाला नसलेला बरा.

अध्यक्ष महोदयांनी मला दिलेली वेळ संपली आहे. मेळावा संपल्यावर मी तासभर शाळेच्या ओट्यावर बसणार आहे. ज्यांच्या मुलामुलींची शाळा मध्येच सुटली आहे आणि ज्यांना राज्य मंडळाचा फॉर्म नंबर १७ भरून दहावी किंवा बारावीला बाहेरून बसायचे आहे, त्यांनी आधी यावे, कारण त्या फॉर्मची मुदत परीक्षेच्या पुष्कळ आधी संपते. येताना शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार कार्ड बरोबर आणावे, आणि मुलालाही आणावे. बाकीच्यांचे प्रश्न त्यानंतर घेऊ.